ज्वाळांची भिंत नव्हे, ठिणग्या

ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: ज्वाळांची भिंत येते आणि घर गिळते, माणसाच्या हाती काही नसतं. हे बरोबर नाही.

१९८३च्या ॲश वेन्सडे वणव्यानंतर तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञानसंस्थेने जळालेल्या घरांची पाहणी केली. ७ फेब्रुवारी २००९च्या ब्लॅक सॅटर्डे वणव्यांनंतर, ज्यांत १७३ माणसं गेली, बुशफायर सीआरसी या संशोधनसंस्थेची पथकं घरोघर फिरली. (तिचं काम आज नॅचरल हॅझर्ड्‌स रिसर्च ऑस्ट्रेलिया पुढे नेते.) निष्कर्ष तोच: बहुतेक घरं पेटतात ती वाऱ्यावर उडून आलेल्या ठिणग्यांनी. निलगिरीच्या सुटलेल्या सालीचे जळते तुकडे कित्येक किलोमीटर जातात, पन्हळीतल्या वाळक्या पाल्यात, कौलांखाली, लाकडी ओट्याच्या फटीत शिरतात. वणवा पुढे सरकल्यावरही काही तासांनी घर पेटू शकतं.

म्हणूनच वणवाप्रवण भागातल्या बांधकामाच्या मानकात झरोक्यांना २ मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं नसलेली धातूची जाळी सांगितली आहे. मेलबर्नच्या कडेला, झाडीलगत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी उन्हाळ्याआधी पन्हळी साफ कराव्यातच. मात्र अतितीव्र वणव्याच्या दिवशी घर राखत थांबू नये, वेळेत निघावं.