जिना उतरताना गुडघ्यात काय होतं?

संध्याकाळी गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरणाऱ्यांचे पाय कधी नीट बघा. कॉलेजची मुलं दोन-दोन पायऱ्या टाकत निघून जातात. पन्नाशी-साठीच्या बायका मात्र कठड्याच्या कडेनं, अंग किंचित तिरकं करून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत उतरतात. विचारलं तर म्हणतात, "चढायला काही वाटत नाही हो, उतरताना जीव जातो." आणि त्यापाठोपाठ दुसरं वाक्य येतं: "झिजलेत आता, जपूनच वापरायचे."

पहिलं वाक्य अगदी खरं आहे. दुसऱ्यानं मात्र ठाण्यातल्या, आणि कुठल्याही गावातल्या, हजारो माणसांचे गुडघे आणखी दुबळे केले आहेत. हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठी लिहितो आहे.

आधी उतरण्याचं बघू. बर्लिनमधल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांतच मोजयंत्रं बसवली आणि रोजच्या हालचालींत सांध्यावर प्रत्यक्ष किती भार पडतो ते मोजलं. २०१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे असे: सपाट जमिनीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तीन पटींहून थोडा जास्त आणि उतरताना जवळपास साडेतीन पट. म्हणजे साठ किलोच्या बाईच्या गुडघ्यावर उतरताना दर पायरीला दोनशे किलोंहून जास्त भार येतो. वजन साठ किलो असताना भार एवढा कसा? कारण सांधा जागेवर धरून ठेवायला भोवतालचे स्नायू जो ताण देतात, तोही सांध्यालाच दाबतो.

यातलं मुख्य काम मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू करतो. डॉक्टर त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. चढताना तो आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना त्याचं काम जास्त अवघड असतं. वरच्या पायरीवरचा पाय गुडघ्यात वाकत जातो, सगळं वजन त्या एकाच पायावर असतं आणि हा स्नायू ताणला जात असतानाच ते वजन सावकाश खाली सोडतो. त्याच्यात ताकद असेल तर पाऊल खालच्या पायरीवर अलगद टेकतं. नसेल तर शेवटच्या दोन-तीन इंचांत शरीर धपकन खाली येतं आणि तो दणका हाड, वाटीचा मागचा भाग आणि सांध्याचं आवरण यांना सोसावा लागतो. दुखणाऱ्या गुडघ्याच्या माणसाचं पाऊल टेकतानाचा आवाज ऐका, हा फरक कानांनाही कळतो.

आता "झिजलेत" या समजुतीकडे येऊ. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात, तिथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. जाडी काही मिलिमीटर, आणि त्यात बहुतांश पाणी. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न मिळतं कुठून? सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते आणि तिच्यातलं पाणी बाहेर येतं, पाऊल उचललं की ती पुन्हा द्रव शोषून घेते. भांडी घासायचा स्पंज दाबून सोडला की होतं तसं. या दाबण्या-सोडण्यातूनच पोषण आत जातं आणि टाकाऊ द्रव्यं बाहेर पडतात. म्हणजे चालणं हे कूर्चेचं जेवण आहे. मणक्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या रुग्णांचे गुडघे एमआरआयमध्ये तपासले, तेव्हा भार बंद झाल्यावर काही महिन्यांतच कूर्चा पातळ होत गेलेली दिसली. त्या गुडघ्यांना कोणीही वापरून झिजवलेलं नव्हतं.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दोन हजारांहून जास्त सांगाडे तपासले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंतच्या माणसांच्या मानानं आजच्या माणसांत गुडघ्याच्या संधिवाताचं, म्हणजे आपण ज्याला झीज म्हणतो त्याचं, प्रमाण दुपटीहून जास्त निघालं, आणि वय व वजन हिशोबात धरल्यावरही ही वाढ उरलीच. ते जुने लोक आपल्यापेक्षा कमी चालत होते असं कोणी म्हणणार नाही. त्याच वर्षीच्या एका मोठ्या आढाव्यात हौसेनं धावणाऱ्यांत गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के, तर बैठी कामं करणाऱ्यांत १०.२ टक्के आढळलं. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के होतं. अतिरेकानंही बिघडतंच, एवढंही त्यातून दिसतं. जुनी दुखापत, वाढलेलं वजन, घराण्यातला कल आणि बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरचा काळ यांनीही धोका वाढतो. पण चालण्याला त्या यादीत बसवू नये.

"गुडघ्यातलं वंगण संपलंय" हे तर घरोघरी ऐकू येतं. निरोगी गुडघ्यात मुळातच हा द्रव चमचाभराहून कमी असतो. दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात तो कमी होण्याऐवजी बहुधा वाढलेला असतो, फक्त पूर्वीपेक्षा पातळ झालेला. आणि हे थोडंसं जास्तीचं पाणीच पुढच्या घोटाळ्याचं मूळ ठरतं: सांधा फुगला की मज्जारज्जूतून मांडीच्या स्नायूला जाणारा हुकूम आपोआप मंद होतो. माणूस कितीही मनापासून जोर लावो, स्नायू पूर्ण ताकदीनं आखडतच नाही. मग तो बारीक होत जातो, गुडघ्यावरचा दणका वाढतो, दुखणं वाढतं, आणि घरचे सांगतात, "आई, तू आता बसूनच राहा." प्रेमानं दिलेला हा सल्ला आईला काही महिन्यांत खुर्चीला खिळवतो.

एक्स-रेच्या रिपोर्टचंही सांगायला हवं, कारण तो हातात आला की माणसं खचतात. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. दिसतं ते दोन हाडांमधलं अंतर. ते कमी झालं की "गॅप कमी झालाय" असं सांगितलं जातं. पण कूर्चेत वेदना जाणवून देणाऱ्या नसाच नसतात. दुखतं ते हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालचं आवरण. म्हणून रिपोर्ट वाईट आणि माणूस येऊरचा डोंगर चढून येतोय, किंवा रिपोर्ट बरा आणि माणसाला मोरीपर्यंत जाववत नाही, अशी दोन्ही उदाहरणं भेटतात. चाळिशी ओलांडलेल्या, गुडघा न दुखणाऱ्या आणि दुखापत न झालेल्या लोकांच्या एमआरआयचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संधिवाताच्या खुणा १९ ते ४३ टक्के लोकांत सापडल्या. रिपोर्टवर उपचार करायचे नसतात, माणसावर करायचे असतात.

मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात मोलाचा व्यायाम घरातल्या जेवणाच्या खुर्चीवर होतो. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली, न सरकणारी खुर्ची घ्या. पुढच्या अर्ध्या भागावर बसा. दोन पावलांत कमरेच्या रुंदीइतकं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर घडी घालून, अंग पुढे झुकवून उठा. पूर्ण ताठ उभे राहा. आता बसताना घाई करू नका: मनात तीनपर्यंत मोजत, ढुंगण मागे नेत, अलगद टेका. बसणं हाच यातला खरा व्यायाम आहे, कारण स्नायूचं ते काम जिना उतरण्यासारखंच असतं. गुडघे आत एकमेकांकडे वळत असतील तर ते पावलांच्या बोटांच्या रेषेत ठेवा. जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, किंवा समोर ओट्याचा आधार घ्या. आठ-दहा वेळा उठ-बस, मग दोन मिनिटं दम, असं दोन-तीनदा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. सोपं वाटू लागलं की उशी काढा, मग हातात पाण्याच्या बाटल्या धरा. ताकद हळूहळू वाढवली तरच स्नायू वाढतो. वर्षभर तेच दहा करत राहिलात तर तो आहे तिथेच राहतो.

आपण कुठे आहोत हेही यावरच कळतं. तीस सेकंदांत हात न लावता किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारा आणि पुरुषाला चौदा तरी जमायला हवेत. कमी झाले तर पाय दुबळे आहेत असं समजून कामाला लागावं. घाबरायचं कारण नाही, हा स्नायू सत्तरीत, ऐंशीतही वाढतो.

व्यायामानं दुखलं तर? थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसासारखाच असेल तर तेवढा व्यायाम त्याला मानवला. सूज आली किंवा दुखणं रेंगाळलं तर पुढच्या वेळी कमी करा, पण बंद करू नका. गुडघ्याच्या संधिवातावर व्यायामाचा उपयोग तपासणारे ५४ प्रयोग २०१५ मध्ये एकत्र अभ्यासले गेले. दुखणं कमी होतं आणि हालचाल सुधारते, हा निष्कर्ष त्यातून पक्का निघाला.

चालण्यासाठी ठाणेकरांना जागेची तक्रार करता येणार नाही. कचराळी किंवा उपवन तलावाभोवतीची सपाट फेरी दुखऱ्या गुडघ्याला सोयीची; येऊरचा उतार पायात ताकद आल्यावर. खरी अडचण पावसाळ्यात येते. जूनमध्ये फिरणं सुटतं ते गणपती होईपर्यंत, आणि गुडघे आखडले की दोष दमट हवेला दिला जातो. पाऊस असेल तेव्हा इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा मॉलमध्ये फेऱ्या मारा, खुर्ची तर घरात आहेच.

वजनाचा हिशोब मला फार बोलका वाटतो. जाड आणि गुडघे दुखणाऱ्या लोकांवरच्या २००५ मधल्या अभ्यासात दिसलं, की कमी झालेल्या दर किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. पाच किलो उतरवले, तर वीस किलो. दिवसाला पाच हजार पावलं चाललात तर एका गुडघ्याच्या वाट्याला अडीच हजार येतात. म्हणजे दिवसभरात पन्नास टन भार कमी. २०१३ मधल्या दुसऱ्या एका प्रयोगात आहार आणि व्यायाम दोन्ही दीड वर्ष सांभाळणाऱ्यांचं वजन सरासरी दहा किलोंहून जास्त उतरलं आणि दुखणं जवळपास निम्म्यावर आलं. फक्त वजन घटवताना स्नायू घटू देऊ नका. उतारवयात शरीराच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि वाटीभर आमटीतून पाच-सात ग्रॅमच मिळतात. उपास वाढवण्याऐवजी ताटात उसळ, अंडं, दही, बांगडा वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खाली मांडी घालून बसावं की नाही? गुडघे ठणठणीत असतील तर जरूर बसा. जमिनीवरून उठता येणं ही मोठी ताकद आहे, ती सोडू नका. दुखरे असतील तर तासन्‌तास उकिडवं बसणं टाळा, कारण पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात वाटीमागचा दाब फार वाढतो. उठता-बसता नुसता कटकट आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर त्याकडे लक्ष देऊ नका.

तेल चोळल्यानं बरं वाटतं, म्हणून चोळावं. ते कूर्चेपर्यंत पोचत नाही. डायक्लोफिनॅकचं जेल दुखणं कमी करतं, आणि पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्यांपेक्षा निर्धोक असतं. त्या गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनानं घेऊ नका, पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिन्ही बिघडतात. कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांवर पैसे घालण्याआधी एवढं लक्षात घ्या: २००६ मध्ये १५८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एकूण रुग्णांमध्ये ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आणि झिजलेल्या गुडघ्याची दुर्बिणीतून "सफाई" सुचवली गेली तर २००२ मधला अमेरिकेतला प्रयोग आठवा. १८० रुग्णांपैकी काहींना फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले होते. दोन वर्षांनी त्यांचं आणि खरी शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं सारखंच होतं.

काठी धरायची लाज वाटू देऊ नका, पण ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप, पडल्यावर पाय टेकताच न येणं, मध्येच सांधा अडकून न उलगडणं, पोटरी सुजणं, रात्री झोप उडवणारं दुखणं: यातलं काही असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. सगळं नीट करूनही महिनोन्‌महिने घरातल्या घरात चालणं अशक्य होत असेल, तर लोक ज्याला "वाटी बदलणं" म्हणतात ती सांधाबदलाची शस्त्रक्रिया हा चांगला उपाय आहे. बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षंही टिकतात. तारीख मिळाल्यापासून ऑपरेशनपर्यंतचे आठवडे मात्र बसून घालवू नका, झेपेल तेवढी उठ-बस चालू ठेवा. ऑपरेशन झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट वॉकर पुढे करून उभं करतात, आणि त्या वेळी मांडीत ताकद लागते.