पाठीला कुबड असेल तर ते हरिकेन

दर वर्षी ८ ऑक्टोबरला, म्हणजे हवाई दल दिनी, आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी ना कोणी जुन्या लढाऊ विमानाचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, 'स्पिटफायर!' बहुतेक वेळा ते हरिकेन असतं. मी दुरुस्ती करतो, दोन अंगठे येतात, आणि पुढच्या वर्षी तोच फोटो परत त्याच नावानं फिरतो.

चूक होण्यासारखीच आहे म्हणा. दोन्ही विमानं ब्रिटिश, दोन्हींत एकाच माणसाला बसायची जागा, दोन्हींच्या नाकात रोल्स-रॉइसचं तेच मर्लिन इंजिन. बारा सिलिंडर, २७ लिटर. तुमच्या-माझ्या छोट्या गाडीच्या इंजिनाच्या वीसपटीहून मोठं. १९४० साली दोन्हींच्या पंखांत आठ-आठ मशिनगन होत्या. पहिली उड्डाणंही चार महिन्यांच्या अंतरानं झाली: हरिकेनचं ६ नोव्हेंबर १९३५ ला, स्पिटफायरचं ५ मार्च १९३६ ला. हरिकेनचा आराखडा सिडनी कॅमचा, स्पिटफायरचा आर. जे. मिचेलचा. मिचेल १९३७ सालीच कर्करोगानं गेला. आपलं विमान लढताना त्यानं पाहिलंच नाही.

ओळखायचं कसं, ते आधी उरकून टाकू. खालून पाहताय तर पंख बघा. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार, टोकाकडे निमुळता होत जाणारा, पिंपळपानासारखा मऊ कडांचा. हरिकेनचा जाड, सरळ कडांचा, टोकाला गोलाई दिलेला. पोटाखाली मधोमध डबीसारखा रेडिएटर लटकत असेल तर हरिकेन. स्पिटफायरचा पंखाखाली असतो. विमान बाजूनं दिसत असेल तर पाठ बघा. वैमानिकाची जागा उंचावर आणि तिथून शेपटीकडे उतरत जाणारं कुबड, हे हरिकेन. आणि फोटो स्वच्छ असेल तर त्या कुबडावर तिरप्या उन्हात लांबट सुरकुत्या दिसतात, आतल्या लाकडी पट्ट्यांच्या. स्पिटफायरची पाठ गुळगुळीत.

त्या सुरकुत्यांपाशी मात्र थांबायला हवं, कारण खरा फरक तिथेच आहे. बाकीचं सगळं वरवरचं.

शेजारच्या नातवाला मी तो दिवाळीत समजावला. आम्ही गॅलरीत कंदील करत होतो. बांबूच्या कामट्या तासल्या, दोऱ्यानं बांधून सांगाडा उभा केला, त्यावर खळ लावून कागद चिकटवला. ओला असताना कागद लोंबत होता. तासाभरानं खळ वाळली आणि तोच कागद असा ताणला गेला की टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजला. म्हटलं, "हे बघ, हरिकेनची मागची बाजू अशी असते." आत पोलादी नळ्यांची चौकट, तिच्यावर लाकडी कमानी आणि पट्ट्या, आणि त्यावर ताग्यातलं चक्क लिननचं कापड. कापडावर डोप नावाचा लेप देतात. तो वाळताना आकसतो आणि कापड तसंच टणक ताणलं जातं. पहिल्या हरिकेनांचे तर पंखही कापडाचेच होते. धातूचे नंतर आले.

"आणि स्पिटफायर?" त्यानं विचारलं. मी स्वयंपाकघरातून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. ह्याच्या आत सांगाडा कुठाय? नाही. पत्रा हाच सांगाडा. चारी बाजूंनी तो स्वतःच भार झेलतो. स्पिटफायरचं धड असंच, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा आतल्या कड्यांवर रिवेट मारून बसवलेला. पत्रा काढला तर ताकदही गेली. हरिकेनचं कापड फाडलं तरी सांगाडा जागच्या जागी उभा.

कंदील आणि डबा. एवढं डोक्यात बसलं की लढाईतली गोष्ट आपोआप उलगडते. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर जर्मन विमानांच्या लाटा येत होत्या, तेव्हा ब्रिटिशांकडे हरिकेनच जास्त होती, आणि ब्रिटिश लढाऊ विमानांनी पाडलेल्या शत्रूविमानांपैकी निम्म्याहून अधिक हरिकेननं पाडली. नाव मात्र स्पिटफायरचं झालं. देखणेपणाला आपल्याकडेही असंच झुकतं माप मिळतं. हरिकेनच्या शेपटीतून गोळी कापड भोकसून आरपार गेली, तर ठिगळ लावायचं, डोप फासायचा, संध्याकाळी विमान पुन्हा वर. चौकटीची नळी वाकली तर ती बदलायची. सांधे वेल्डिंगचे नव्हते, पट्ट्या आणि बोल्टांचे होते. जुन्या बायप्लेनवर, म्हणजे दुमजली पंखांच्या विमानांवर, हात बसलेल्या कुठल्याही मेकॅनिकला ते जमत होतं. स्पिटफायरच्या पत्र्याला मार बसला की कारागीर वेगळा, हत्यारं वेगळी, वेळ वेगळा.

आपल्याकडेही क्रम असाच. इंफाळच्या लढाईत, १९४४ साली, अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालच्या एक नंबर स्क्वाड्रनची विमानं हरिकेन होती. स्पिटफायर त्यानंतर हातात आलं आणि १९४७-४८ मध्ये काश्मीरमध्ये लढलं. तेव्हा ग्रुपवर 'आपल्या हवाई दलाचं विमान' म्हणून दोन्हींचे फोटो टाकले तरी चालतील. नाव तेवढं बरोबर टाका.

आता गंमत ऐका. लढाईत जे विमान दुरुस्तीला सोपं होतं, तेच आज उडतं ठेवायला अवघड आहे. जगात आज उडती स्पिटफायर पन्नासहून जास्त सापडतील. उडती हरिकेन वीसच्या आसपास. मला हे कित्येक वर्षं कोडं वाटायचं. उत्तर मिळालं वागळे इस्टेटमध्ये.

तिथे माझ्या एका शाळकरी मित्राचं पत्रेकामाचं युनिट आहे. पॅनेल बोर्डांचे डबे, डक्टिंग, असली कामं. पत्रा कापायचं शिअरिंग मशीन, पत्रा वाकवायचा ब्रेक प्रेस, दोन ड्रिल, आणि कायमचा कुलंट-ग्रीसचा वास. एका शनिवारी मी त्याच्यापुढे दोन्ही विमानांच्या जोडणीची चित्रं पसरली. त्यानं आधी स्पिटफायरच्या धडाची पाहिली. चहाचा ग्लास बाजूला ठेवून कड्यांवरून बोट फिरवलं. "काम नाजूक आहे, वक्र फार आहेत, पण आहे पत्रेकामच. फॉर्मा करायचा, त्यावर पत्रा ठोकायचा, भोकं, रिवेट. माणूस शिकवता येईल."

मग हरिकेनच्या पंखाचा मधला भाग. तिथे धडाखालून आरपार जे दोन मुख्य आडवे दांडे जातात, त्यांच्या वरच्या-खालच्या कडा म्हणजे उच्च ताकदीच्या पोलादी पट्टीच्या वळवलेल्या बहुकोनी नळ्या. नळीत नळी. तो बराच वेळ बघत राहिला. "ही बाजारात मिळणार नाही."

"नाहीच मिळत."

"म्हणजे पट्टी आणायची, रोलमधून टप्प्याटप्प्यानं काढायची. प्रत्येक टप्प्याला वेगळा रोल. रोल आधी बनवावे लागतील, तेही कोन चुकता कामा नये. दोन विमानांसाठी एवढा टूलिंगचा खर्च कोण करणार? पाच हजार विमानं बनवायची असतील तर स्वस्त. एक बनवायचं असेल तर मेलास."

हेच ते. कॅमच्या कंपनीकडे ही नळ्यांची पद्धत आधीच्या बायप्लेनांपासून रुळलेली होती, कारखान्यात रोल उभे होते, हरिकेन भराभर बाहेर पडली. एकूण सुमारे १४,५०० झाली. युद्ध संपलं, रोल भंगारात गेले. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या एका कार्यशाळेनं पुढे हरिकेन पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा त्यांना विमान बनवण्याआधी विमान बनवण्याची यंत्रसामग्री बनवावी लागली. शिवाय हरिकेनला तीन कारागीर हवेत: नळ्यांचा, सुताराचा, कापडाचा. सुतार आणि कापडवाला दोघंही विमानाची कामं करणारे हवेत. मिळवा.

एवढंच कारण आहे असं नाही. स्पिटफायर बनलीही जास्त, वीस हजारांच्या वर, आणि युद्धानंतर कितीतरी देशांच्या हवाई दलांत वर्षानुवर्षं राबली. त्यामुळे कोठारांत, अंगणांत, खांबांवर तिचे सांगाडे उरले. बहुतेक हरिकेन युद्ध संपताच मोडीत निघाली. आणि नावाला भाव असला की सुट्या भागांचा धंदाही उभा राहतो. स्पिटफायरचे पत्रे, कड्या, चाकांचे दांडे आज नवे बनवून मिळतात. जुन्या विमानाची क्रमांकाची पाटी आणि भोवती जवळजवळ सगळा नवा पत्रा, अशीही काही स्पिटफायर उडतात. ह्याला जुनं म्हणावं का, यावर दर्दी लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत विचाराल तर इंजिनाचा आवाज कानावर पडेपर्यंतच हा वाद टिकतो.

चालवणाऱ्यांच्या दृष्टीनं आणखी एक फरक आहे, तो जमिनीवरचा. हरिकेनची चाकं आतल्या बाजूला मिटतात, म्हणून उघडल्यावर ती लांब-लांब असतात, विमान पाय फाकवून ऐटीत उभं राहतं. स्पिटफायरची बाहेरच्या बाजूला मिटतात, त्यामुळे पाय जवळजवळ. ओबडधोबड धावपट्टीवर हरिकेन सुखाचं. त्यात स्पिटफायरचा रेडिएटर पंखाखाली, चाकाच्या दांड्याच्या आडोशाला, त्याला जमिनीवर पंख्याचा वारा धड लागत नाही. इंजिन चालू करून रेंगाळलात की तापमानाचा काटा चढलाच. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सातला स्पिटफायर आणलं तर कापूरबावडीच्या सिग्नललाच उकळेल. हरिकेन कदाचित माजिवड्यापर्यंत तग धरेल.

मित्राला शेवटी मी आर-४११८ ची गोष्ट सांगितली. हे हरिकेन १९४० च्या लढाईत ४९ वेळा झेपावलेलं. युद्धाच्या उत्तरार्धात भारतात पाठवलं गेलं आणि नंतर बनारस हिंदू विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी दिलं गेलं. तिथे आवारात ते उघड्यावर पडून राहिलं. पीटर व्हॅशर नावाचा इंग्रज जुन्या रोल्स-रॉइस गाड्या शोधत भारतात फिरत असताना १९८२ साली त्याला ते दिसलं. परवानग्या मिळवून ते इंग्लंडला न्यायला २००१ साल उजाडलं. डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा उडालं, त्याच सफोकच्या कार्यशाळेतून निघून.

"इतकी वर्षं बनारसच्या पावसात?" मित्र म्हणाला. "नळ्यांत पाणी शिरलं असणार. आतून गंज दिसत नाही, बोटानं ठोकून आवाज ऐकावा लागतो." आणि त्यानं टेबलावरच्या दोन चौकोनी पाइपांवर नखानं ठोकून दाखवलं. एक खणखणीत वाजला, शेजारचा बद्द.

जोडणीच्या चित्रांपैकी एक त्यानं ठेवून घेतलं. ते आता ब्रेक प्रेसच्या वरच्या भिंतीवर आहे, विश्वकर्म्याच्या फोटोशेजारी, तेलकट बोटांच्या ठशांसकट. डबे न्यायला येणारी गिऱ्हाइकं विचारतात, "हे स्पिटफायर ना?"

तो पेडलवरचा पाय न काढता सांगतो, "नाही. पाठ बघा."