जिताड्याची गळमासेमारी : काठी, दोरी आणि आमिष

मुंबई परिसरातील खाड्या, खडकाळ किनारे व बंदरांचे धक्के येथे जिताडा हा मासा काठी, रीळ आणि बनावट आमिष वापरून गळाने धरण्याची पद्धत व तिच्या साधनांची निवड. डोल, वाणा, पाग इत्यादी जाळ्यांनी होणारी कोळी मासेमारी, तसेच अनेक गळ लावलेल्या लांब दोरीची म्हणजे खांद्याची मासेमारी यांहून ही वेगळी असून ती मुख्यतः छंद म्हणून केली जाते. कोळीवाड्यांतून हातदोरीने गरवण्याची रीत मात्र तिच्याहून जुनी आहे. तिच्यात काठी नसते. दोरी बोटावर धरून माशाचा चावा ओळखतात.

नाव व वर्गीकरण : या छंदाचे बहुतेक छापील मार्गदर्शन अमेरिकी ‘बास’ मासेमारीवर बेतलेले असल्याने प्रथम नावाचा घोळ दूर करणे इष्ट. इंग्रजीत बास म्हटले जाणारे मासे एका कुळातले नाहीत. उत्तर अमेरिकेच्या तळ्यांतील लार्जमाउथ बास हा सेंट्रार्किडी कुळातला, युरोपच्या किनाऱ्यावरील सी बास मोरोनिडी कुळातला, तर जिताडा लॅटिडी कुळातला आहे. मुंबईच्या पाण्यात पहिले दोन्ही मूळचे नाहीत. जिताड्याला गोव्यात चोणक, बंगालमध्ये भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी म्हणतात. खजुरा हे नावही मराठी याद्यांत आढळते. ब्लॉख या जर्मन मत्स्यविज्ञाने १७९० मध्ये त्याचे वर्णन केले. लेटिस कॅल्कॅरिफर या शास्त्रीय नावातील दुसऱ्या पदाचा अर्थ ‘आर धारण करणारा’, म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेला असते तशी टोकदार आर. हा तपशील केवळ नामकोशापुरता नाही. दोरीच्या निवडीत तो पुन्हा येतो.

पर्शियाच्या आखातापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ही एकच जाती पसरली आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१२ मध्ये पेठियागोडा व गिल या मत्स्यविज्ञांनी श्रीलंका आणि म्यानमार येथील माशांना दोन स्वतंत्र जाती ठरवले. भारतीय उपखंडातील जिताडा आणि आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियातील बॅरामुंडी यांच्यातही जनुकीय अंतर दिसून आले आहे. मात्र पश्चिम किनाऱ्यावरील माशाला अद्याप जुनेच नाव लावतात. यावरून साधनांबाबत एवढेच काढता येते, की ऑस्ट्रेलियातील अनुभव माशाच्या सवयींपुरता ग्राह्य धरावा, वजन-आकाराच्या अपेक्षांपुरता नव्हे.

प्राचीन उल्लेख : करमणुकीसाठी गळ टाकण्याचे पश्चिम भारताशी जोडता येणारे सर्वांत सविस्तर जुने वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मिळते. त्यातील मत्स्यविनोद या प्रकरणात समुद्रातले व गोड्या पाण्यातले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे माशांचे भेद करून कोणत्या माशाला काय चारावे हे सांगितले आहे. ग्रंथाच्या काळाबद्दल एकमत नाही. मत्स्यविज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावरील आपल्या लेखात ११२७ हे वर्ष दिले. इतरत्र ११२९ किंवा ११३१ आढळते. सोमेश्वराचे राज्यारोहणच ११२६-२७ च्या सुमाराचे असल्याने एवढा पसरट ग्रंथ पहिल्याच वर्षी पुरा झाला असे मानणे कठीण जाते, म्हणून ११२९ च्या आसपासचा काळ अधिक संभाव्य वाटतो. याच ग्रंथात मराठीच्या जुन्या पद्यओळीही आहेत, त्यामुळे मराठी अभ्यासकांना तो परिचित आहे. मात्र त्यांचे लक्ष बहुधा त्या ओळींवरच थांबते. मत्स्यविनोदातील आमिषे खाण्याची आहेत. पिसे, लाकूड, धातू यांचे फसवे आमिष ही निराळी परंपरा असून तिचा सर्वज्ञात जुना दाखला ईलियन या रोमनकालीन लेखकाने दिलेल्या मॅसिडोनियातील वर्णनाचा आहे. तेथे गळाला तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसे बांधत.

काठी : मूळ साहित्य वेळू. एकोणिसाव्या शतकात वेळूच्या चिरफळ्या काढून, तासून, सरसाने पुन्हा जोडून षट्कोनी काठी करण्याची कला रूढ झाली. तिचे जनकत्व अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावचा बंदूक-कारागीर सॅम्युअल फिलिप याला देतात व काळ १८४५ च्या सुमाराचा सांगतात. ब्रिटिश अभ्यासक मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच्या इंग्लंडमधील चिरफळ्यांच्या शेंड्यांकडे बोट दाखवतात. दोन्ही पक्षांचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते : फक्त शेंडा जोडकामाचा करणे इंग्लंडात आधी झाले असावे आणि बुडापासून शेंड्यापर्यंत सहा पट्ट्यांची काठी अमेरिकेत सिद्ध झाली असावी.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्या काळच्या उत्तम काठ्यांचा कच्चा माल ‘कलकत्ता वेळू’ या नावाने येथूनच जाई. त्याची जात बहुधा भरीव वेळूची होती. या वेळूवर भाजल्याचे काळे डाग असत आणि त्यांच्या कारणावर पाश्चात्त्य लेखनात बरीच शाई खर्ची पडली आहे. काहींनी ते धार्मिक विधीचे मानले, काहींनी किडीपासून बचावाचे, तर काहींनी वेळू सरळ करताना दिलेल्या शेकाचे. वेळू शेकून सरळ करण्याची रीत आपल्याकडे आजही बुरूडकामात दिसते. ती पाहता धार्मिक विधीची कल्पना दूरची वाटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण चीनमधील टाँकिन वेळूने कलकत्ता वेळूला मागे सारले. पुढे १९४० च्या दशकात काचतंतू आणि १९७० च्या दशकात कार्बनतंतू आले.

सध्याची काठी निवडताना ताकद आणि लवण या दोन गोष्टींची गल्लत होते. ताकद म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. लवण म्हणजे ती कुठून वाकते. केवळ शेंड्याकडे वाकणारी ती जलद, मध्यापर्यंत वाकणारी ती मध्यम, बुडापर्यंत वाकणारी ती संथ. तिवरांच्या कडेने होडीतून गरवताना साडेसहा ते सात फुटांची, मध्यम-भारी ताकदीची व जलद लवणाची काठी सोयीची ठरते, कारण मासा मुळांकडे वळण्यापूर्वी त्याचे तोंड फिरवावे लागते. वरळी, वांद्रे यांसारख्या खडकाळ किनाऱ्यावरून आठ-नऊ फुटांची लागते. दूर फेकण्याइतकीच दोरी पुढच्या खडकांवरून उचलून धरण्यासाठीही ही लांबी उपयोगी पडते. काठीवर छापलेला फेकवजनाचा आकडा, उदाहरणार्थ १० ते ३० ग्रॅम, हा आमिषाचा असतो, माशाचा नव्हे. दुकानात हा गैरसमज नेहमी ऐकू येतो. रीळ ३००० ते ४००० मापाचे पुरते.

दोरी : एकसंध नायलॉनच्या दोरीला मुंबईत तंगूस म्हणतात, पतंगाच्या मांज्यामुळे हा शब्द किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांनाही ठाऊक आहे. तंगूस ताणाखाली बराच लांबतो, पाणी शोषतो व ओला झाल्यावर त्याचे बळ थोडे घटते. पण तो स्वस्त असतो आणि माशाचा झटका सोसतो. विणीची दोरी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची असते. ती जवळजवळ लांबत नाही, पाण्याहून हलकी असते आणि त्याच बळाच्या तंगुसापेक्षा पुष्कळ बारीक असते. खाडीतील ओढीच्या पाण्यात हा बारीकपणा फार मोलाचा, कारण जाड दोरीला प्रवाह पोट पाडतो आणि आमिष भलतीकडे नेतो.

विणीच्या दोरीवर ‘पीई १.५’, ‘पीई २’ असे आकडे असतात. ते जपानी ‘गो’ मापाचे असून बळाचे नव्हे, जाडीचे निदर्शक आहेत. १ गो म्हणजे सुमारे ०.१६५ मिमी. दुसरीकडे अमेरिकी माल पौंडांत बळ सांगतो. २० पौंड म्हणजे सुमारे ९ किलो. या दोन मापांची सरळ अदलाबदल होत नाही, कारण एकाच जाडीच्या विणींचे बळ पीळ व पदरांच्या संख्येप्रमाणे बदलते. मुंबईच्या खाडीसाठी दीड ते दोन गो वापरण्याकडे कल दिसतो.

विणीच्या पुढे जोडायचा सुमारे एक मीटरचा तुकडा म्हणजे लीडर. येथे शास्त्रीय नावातली आर पुढे येते. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणापुढील हाडाची कडा दातेरी असून खालच्या कोनाशी मजबूत काटा असतो. मासा पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो तेव्हा दोरी या कडेवरून सरकते. अशा वेळी तुटलेल्या विणीचे टोक पाहिले तर ते ताणाने तुटल्यासारखे पिंजारलेले नसून ब्लेडने कापल्यासारखे तिरके, स्वच्छ दिसते. लीडरवर मात्र बोट फिरवले असता नखाला खरखर लागते आणि तेवढा भाग कापून पुन्हा गाठ मारली की काम भागते. म्हणून ४० ते ६० पौंडांचा लीडर हवा, मग मासा दोन किलोचा का असेना.

लीडर फ्लोरोकार्बनचा असावा की नायलॉनचा, यावर वाद आहे. फ्लोरोकार्बनचा अपवर्तनांक सुमारे १.४२, नायलॉनचा १.५३ आणि पाण्याचा १.३३, त्यामुळे फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतो, हा त्याच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद. तो अमेरिकेच्या नितळ तळ्यांत लागू पडत असेल. वसईच्या, मनोरीच्या किंवा ठाण्याच्या खाडीत भरतीबरोबर गाळ उठलेला असताना हातभर खाली काही दिसत नाही. तेथे फ्लोरोकार्बनची खरी बाजू म्हणजे त्याचा घासणीला तग. आणि तेवढ्यासाठी जाड नायलॉनही चालतो.

आमिष : बनावट आमिषाचा इतिहास दंतकथांनी भरलेला आहे. धातूचा चमचा हे आमिष व्हर्माँटच्या ज्यूलिओ ब्यूएलला जेवताना हातून पाण्यात पडलेल्या चमच्यावर मासा झडपलेला पाहून सुचले असे सांगतात. त्याचे पेटंट १८५२ चे आहे, एवढे पक्के. गोष्ट मात्र फारच नेटकी आहे, आणि चकाकत्या धातूची आमिषे स्कँडिनेव्हियात त्याआधीही होती असे मानणारे अभ्यासक आहेत. फिनलंडच्या लाउरी रापाला याने १९३० च्या दशकात घडवलेला लाकडी मिनो (लहान माशाच्या रूपाचे आमिष) आणि अमेरिकेत निक क्रीम याचा १९४९ चा मऊ प्लॅस्टिकचा किडा हे पुढचे टप्पे.

जिताडा सावजाचा लचका तोडत नाही. तो तोंड एकदम उघडून पाण्यासकट सावज आत ओढतो. रात्री धक्क्यावर बसलेल्यांना हा ‘ठप्’ असा पोकळ आवाज आमिष दिसण्याआधी ऐकू येतो. त्याचे नैसर्गिक खाद्य बोईट, कोळंबी आणि चिखलातली निवटी. त्यानुसार ९ ते १२ सेंमी.चा तरंगता मिनो उपयोगी ठरतो, कारण ओढणे थांबवले की तो आपोआप वर येतो व मुळांत अडकत नाही. जिगच्या म्हणजे शिशाचे डोके असलेल्या गळाच्या शिशावर लावलेला, शेपूट हलवणारा मऊ रबरी मासा तळाशी चालतो. तिवरांच्या गर्दीत गळाचे टोक प्लॅस्टिकच्या अंगात लपवण्याची अमेरिकी पद्धत बासइतकीच जिताड्यालाही लागू पडते. येथे ती उधारी रास्त आहे. उथळ पाण्यात पहाटे वा संध्याकाळी पृष्ठभागावर पाणी उडवणारा पॉपर लावतात.

रंगाबद्दल छांदिष्टांमध्ये ठाम मते आहेत, पण गढूळ पाण्यात रंगापेक्षा आमिषाची थरथर व पडछाया महत्त्वाची असावी. रंगांच्या दहा डब्या घेण्याऐवजी एकाच रंगातली तीन निरनिराळ्या खोलीची आमिषे घेणे शहाणपणाचे. आमिषाबरोबर येणारे तीन टोकांचे गळ अनेकदा पातळ तारेचे असतात आणि जिताड्याच्या जबड्यात सरळ होतात. ते बदलून जाड गळ व मजबूत कड्या बसवतात. जिवंत कोळंबी लावणाऱ्यांना यातील बहुतेक चर्चा निरर्थक वाटते, आणि मिळकतीच्या हिशेबाने त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही.

पाणी व हंगाम : अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती ४.५ मीटरच्या वर जाते आणि ओढ जोरदार असते. अष्टमीच्या सुमारास भांगाला ती मंदावते. उधाणात जड जिग व बारीक विणीची दोरी, भांगात हलके मिनो, असा सामान्य ठोकताळा. ओहोटी लागल्यावर तिवरांतून बोईटांचे थवे बाहेर पडतात व जिताडा ओहोळाच्या तोंडाशी थांबतो. १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांसाठी बंदीचा काळ किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला लागू नसला, तरी पावसाळी लाटांत खडकांवर उभे राहणे जिवावर बेतू शकते. खाऱ्या पाण्यानंतर काठीची कडी व रीळ गोड्या पाण्याने धुतात.

जिताडा आधी नर असतो व वाढल्यावर मादी होतो. ऑस्ट्रेलियातील माशांत हा बदल साधारणतः ८० ते १०० सेंमी. लांबीच्या सुमारास होतो. त्यामुळे मोठा मासा म्हणजे बहुधा मादी, आणि काही छांदिष्ट तो मोजून, छायाचित्र काढून सोडून देतात. त्यासाठी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतात.

गोड्या पाण्यातील गळमासेमारी मुंबईत मुख्यतः पवई तलावावर, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या संस्थेच्या सभासदांत चालत आली. तेथील कटला, रोहू, मृगळ हे मासे बनावट आमिषाला सहसा लागत नाहीत. त्यांना कणकेचे गोळे लावतात.