नवा दरवाजा बसवल्यानंतर चौकटीभोवती येणारी ओल आणि भेगा

दरवाजा बदलल्यावर पहिला पावसाळा आला की चौकटीशेजारचा रंग फुगतो, वरच्या कोपऱ्यातून भेग निघते, उंबरठ्यालगतचा गिलावा नखाने खरवडला तरी सुटतो. यात दोष सहसा दाराचा नसतो. जुनी चौकट उखडताना भिंत दुखावलेली असते आणि ती नीट भरलेली नसते. कारण सापडेपर्यंत कृपया पुट्टी आणि रंगावर खर्च करू नका.

आधी भेग बघा

चौकट आणि गिलावा यांच्या सांध्यात केसाएवढी सरळ भेग असेल तर घाबरू नका. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते-आकसते, गिलावा तसा हलत नाही. वरच्या कोपऱ्यातून तिरपी चढणारी भेग मात्र लिंटलकडे, म्हणजे दारावरची भिंत पेलणाऱ्या आडव्या पट्टीकडे, लक्ष द्यायला सांगते. लिंटल दोन्ही बाजूंना भिंतीवर किमान 150 मिमी टेकलेले हवे. दार रुंद करण्यासाठी बाजूच्या विटा तोडल्या की हा आधार कमी होतो.

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत दारावर लाकडी तुळया असतात आणि भिंत मातीत किंवा चुन्यात बांधलेली असते. तुळई वाकलेली असेल तर तिचा भार चौकटीवरच येतो. अशी चौकट जॅक आणि टेकू न लावता काढली की वरच्या विटा खाली बसतात. इथे घाई कुणीही करू नये.

भेगेच्या टोकांवर पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा. महिनाभरात भेग खुणेपुढे गेली, रुंदी 5 मिमीवर गेली किंवा दार चौकटीला घासू लागले, तर ती बुजवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

ओल कुठून येते

पुण्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर, आणि वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून. त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेल्या, छज्जा नसलेल्या दाराला मारा जास्त. सरीनंतर वाढणारी आणि उघडीप मिळताच कमी होणारी ओल पावसाची समजा. जमिनीलगत पट्टा, त्यावर पांढरे क्षार, अशी ओल जोत्यातून चढते. बारा महिने तशीच राहिली तर भिंतीतला पाइप तपासा.

पावसाची वाट नेमकी शोधायला नळीने पाणी मारा, पण खालून वर: आधी उंबरठा, मग बाजूचे सांधे, शेवटी वरचा सांधा. प्रत्येक ठिकाणी 10-15 मिनिटे थांबा. सुरुवातीलाच वरून पाणी सोडले तर ते खाली ओघळते आणि गळती कुठली ते कळत नाही.

दुरुस्ती

बहुतेकदा सांध्यात नुसता पीयू (पॉलीयुरेथेन) फोम, म्हणजे फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फेस, भरलेला सापडतो. फोम पोकळी भरतो, पण पाऊस अडवण्याचे काम त्याचे नाही आणि उघडा राहिला तर उन्हात भुगा होतो. तो 10-12 मिमी आत कापा, बाहेरून बॅकर रॉड (सांध्यात दाबून बसवायची फोमची गोल दोरी) घालून पीयू सीलंट भरा. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी पुरते. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.

सुटा गिलावा विटेपर्यंत काढा, सांध्यावर दोन्हीकडे 150 मिमी जाळी ठोका, 1:4 सिमेंट-वाळूचा गिलावा करा आणि सात दिवस पाणी मारा. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा द्या. सिमेंट किंवा वॉटरप्रूफ लेप लावला तर आतली ओल कोंडते आणि आणखी वर चढते.

उंबरठ्याचा कडप्पा किंवा ग्रॅनाइट बाहेरच्या बाजूला उतरता हवा. लाकडी चौकटीचे पाय काँक्रीटमध्ये पुरलेले असतील तर ते पाणी शोषतात आणि कुजतात, वाळवीलाही वाट मिळते. पाय दगडावर टेकवा, भिंतीकडची बाजू बसवण्याआधीच प्रायमरने रंगवून घ्या. छज्जाच्या खालच्या कडेला 10 मिमी खाच असेल तर पाणी आत न ओघळता तिथेच टपकते.

गिलावा साधारण 28 दिवस सुकू द्या. एक फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा; 24 तासांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर रंगारी अजून बोलावू नका.