हातांचा दम: जड वजन की जास्त रेप्स?

मॅरेथॉन, सायकलिंग, डोंगरचढाई अशा खेळांत दम म्हटलं की हृदय, फुप्फुसं आणि पाय डोळ्यांपुढे येतात. खांदे, पाठ आणि दंड यांचा दम वेगळा कमवावा लागतो, हे मान्य व्हायला वेळ लागला. तो कसा कमवायचा, यावरचा वाद तर अजून पुरता मिटलेला नाही.

या वादाचं एक मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी रुग्णालयात आहे. जखमी सैनिकांचे स्नायू पूर्ववत करताना अमेरिकी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी 1945 मध्ये एक सूत्र मांडलं. जड वजन थोड्या वेळा उचललं की ताकद येते, हलकं वजन पुष्कळ वेळा उचललं की दम येतो, आणि एकाचं काम दुसऱ्याने होत नाही. सूत्र इतकं सुटसुटीत होतं की ते रुग्णालयातून थेट जिममध्ये गेलं. 1953 मध्ये लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी सर्किट ट्रेनिंग, म्हणजे एकामागून एक वेगवेगळे व्यायाम करत जाण्याची पद्धत, आखली. मग कमी विश्रांती आणि भरपूर रेप्स (एका हालचालीची आवर्तनं) हीच दमाच्या खेळाडूंची वाट ठरली.

हातांची अडचण मुळात शरीररचनेतली आहे. स्नायू पायांपेक्षा लहान, त्यामुळे तेच काम करताना प्रत्येक तंतूवर ताण जास्त. स्नायू जोरात आवळला की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि हृदयाकडे शिल्लक असूनही दंड भरून येतात. त्यात 1977 मध्ये डेन्मार्कच्या नील्स सेकर यांच्या गटाने दाखवलं, की पाय चालू असताना हातही जोरात राबू लागले तर पायांकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. म्हणजे हात आपल्या वाट्याचं रक्त पायांकडूनच ओढून घेतात!

जलतरणात हातांचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. ऑलिंपिक विजेता जलतरणपटू मार्क स्पिट्झचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी आयसोकायनेटिक यंत्रांचा पुरस्कार केला. या यंत्रांत वेग ठरलेला असतो आणि जेवढं ओढाल तेवढाच विरोध मिळतो. बाकावर पालथं पडून कोरड्यावर हात मारायचा स्विम बेंचही आला. पण 1993 मध्ये संशोधक तनाका, कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी अनुभवी जलतरणपटूंवर प्रयोग केला, तेव्हा वजनं उचलून त्यांची ताकद चांगली 25 ते 35 टक्के वाढली, पोहण्याचा वेग मात्र वाढला नाही. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात उपयोगी अपयशी प्रयोग.

खरी उलथापालथ केली ती क्रॉस-कंट्री स्कीइंगने, म्हणजे काठ्या रेटत बर्फावरून लांब पल्ला कापण्याच्या खेळाने. अमेरिकेच्या बिल कोकने 1982 मध्ये स्केटिंग पद्धतीच्या (स्की बाजूला तिरकी रेटत पुढे सरकण्याच्या) जोरावर वर्ल्ड कप जिंकला. 1988 च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये क्लासिक (स्की समांतर ठेवून सरळ सरकण्याची जुनी शैली) आणि फ्री (स्केटिंगही चालतं अशी) अशा वेगळ्या शर्यती झाल्या. 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट, म्हणजे कमी पल्ल्याची वेगवान शर्यत, आली. वेग वाढत गेला तसं दोन्ही काठ्या एकदम रोवून सगळ्या धडाने रेटा देणं, म्हणजे डबल पोलिंग, निर्णायक ठरू लागलं. त्यात पोटाचे स्नायू, लॅट्स (पाठीचे रुंद स्नायू) आणि ट्रायसेप्स (दंडामागचे स्नायू) एकामागोमाग कामाला लागतात. रेटा द्यायला मिळतो सेकंदाचा जेमतेम काही भाग, आणि पुढच्या रेट्याआधी त्याच स्नायूंना सैल पडून रक्त भरून घ्यायचं असतं.

इथे डीलॉर्मचं सूत्र अपुरं पडलं. नॉर्वेचे संशोधक हॉफ, हेल्गेरुड आणि विस्लॉफ यांनी 1999 मध्ये महिला स्कीपटूंना नऊ आठवडे उलटंच करायला लावलं. काठीच्या रेट्यासारखीच ओढ, पण कमाल क्षमतेच्या जवळजवळ 85 टक्के वजन आणि रेप्स मोजक्याच. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता होती तेवढीच राहिली, तरी डबल पोलिंगमध्ये त्या आधीपेक्षा जास्त वेळ टिकल्या. कारण साधं: कमाल ताकद वाढली की प्रत्येक रेटा त्या ताकदीच्या लहान हिश्शात भागतो आणि स्नायू कमी आवळला जातो. जलतरणपटूंच्या प्रयोगाशेजारी हा ठेवला की एक फरक ठळक दिसतो. इथे वजन तर जड होतंच, शिवाय हालचालही खेळातलीच होती. जास्त रेप्सचे सर्किट त्यामुळे बाद झाले नाहीत. आधी ताकद, मग तीच ताकद लांब पल्ल्यावर वापरण्याचा सराव, असा क्रम अनेक प्रशिक्षक लावू लागले.

पुढे हात इतके तयार झाले, की क्लासिक शर्यतींत काही स्कीपटू पायांच्या रेट्याला लागणारं चिकट मेण न लावताच उतरू लागले. लांब काठीने डबल पोलिंग सोपं जातं; क्लासिक शैलीच नाहीशी होईल या धास्तीने आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2016-17 च्या हंगामापासून क्लासिक शर्यतींसाठी काठीची कमाल लांबी खेळाडूच्या उंचीच्या 83 टक्क्यांवर बांधून टाकली.