मूत्राशयाच्या पेशीत दडलेले जिवाणू

लघवीला जळजळ होते, कल्चरमध्ये (लघवीतले जिवाणू वाढवून बघण्याच्या तपासणीत) ई. कोलाय हा जिवाणू निघतो, अँटिबायोटिकचा कोर्स पुरा होतो आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. कित्येक बायकांना हा फेरा पाठ आहे. दर वेळी जिवाणू बाहेरूनच येतात, असा समज होता. त्याला तडा गेला तो उंदरांवरच्या प्रयोगांमुळे.

प्रयोगाची रीत दिसते तितकी सोपी नाही. भूल दिलेल्या उंदराच्या मादीच्या मूत्रमार्गातून बारीक नळी घालून मूत्राशयात सुमारे 50 मायक्रोलीटर द्रव सोडतात. म्हणजे जेमतेम एक थेंब, पण त्यात एक ते दहा कोटी जिवाणू! ते मूळचे रुग्णाच्या लघवीतले. पिचकारी जोरात दाबली, तर द्रव उलटा मूत्रपिंडात चढतो आणि प्रयोगावर पाणी पडतं.

काही तासांनी मूत्राशय काढून, उघडून जेंटामायसिन या अँटिबायोटिकमध्ये ठेवतात. हे औषध पेशींच्या आत फारसं शिरत नाही, त्यामुळे बाहेरचे जिवाणू तेवढे मरतात. मग ऊती वाटून जिवाणू वाढवायच्या बशीत पसरायची. त्यावर वसाहती उगवल्या, तर ते जिवाणू आत दडलेले होते हे उघड. 2003 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्कॉट हल्टग्रेन यांच्या गटाने असे जिवाणू मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये दाटीवाटीने गोळा झालेले दाखवले. पृष्ठभागावर शेंगांसारखे फुगवटे आले होते. पेशीला चिकटायला जिवाणू आपल्या केसांसारख्या तंतूंच्या टोकाचं 'फिमएच' प्रथिन वापरतात.

हे उंदरापुरतंच असेल, ही शंका रास्तच होती. 2007 मध्ये संसर्ग झालेल्या काही स्त्रियांच्या लघवीत गळून पडलेल्या पेशी तपासल्या, तेव्हा तसेच गोळे सापडले. माझ्या मते उंदरांवरच्या या मॉडेलची खरी परीक्षा तीच.

तरी उंदराला माणूस समजायचं कारण नाही. इतके कोटी जिवाणू कुणाच्याही मूत्राशयात एकदम शिरत नाहीत. उंदरांची जातही फरक पाडते: सी57बीएल/6 उंदीर बहुधा लवकर बरे होतात, तर सी3एच जातीच्या काहींत संसर्ग ठाण मांडून बसतो. नरांच्या मूत्रमार्गात नळी घालणं अवघड, म्हणून वर्षानुवर्षं प्रयोग जवळपास माद्यांवरच झाले. पुरुषांतल्या संसर्गाचा अभ्यास मागे पडला तो अशा किरकोळ वाटणाऱ्या अडचणीपायी. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी आता डुकरांवर प्रयोग सुरू केले आहेत, कारण त्यांचं मूत्राशय आकाराने माणसाच्या बरंच जवळचं आहे. अर्थात डुकरं पाळायला खर्चही तसाच येतो.