मोदक (टंक)

मोदक : मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाने देवनागरी आणि रोमन लिपींसाठी तयार केलेला जाडजूड, गुबगुबीत मथळा-टंक (मथळ्यांसाठीचा फॉन्ट). देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांची, रोमन अक्षरे नूपुर दात्ये यांची आणि साहाय्य गिरीश दळवी आदींचे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. जाडी एकच, बारीक किंवा मध्यम मोदक मिळत नाही.

सुरुवात हाताने काढलेल्या रेखाटनांतून झाली. देवनागरी अक्षर वाचता येईल एवढे ठेवून ते जास्तीत जास्त किती जाड करता येईल, हे पाहायचे होते. रोमन अक्षरे फुगवणे त्या मानाने सोपे: ‘ओ’ला एक पोकळी, ‘बी’ला दोन, ‘आय’ला तर तीही नाही. देवनागरीत वरची जागा शिरोरेषेने आधीच अडवलेली. खाली काना, गाठी, वाटोळी, डोक्यावर वेलांटी नि रफार, पायाशी उकार. त्यात ‘क्ष’ किंवा ‘द्ध’ आले की रेघ जराशी वाढवताच आतला पांढरा भाग बुजू लागतो. म्हणूनच मोदकची खरी कारागिरी काळ्यात नसून पांढऱ्यात आहे. अक्षराचे फुगीर अवयव एकमेकांना जवळजवळ टेकतात, मध्ये बारीक फट उरते आणि डोळा त्या फटीवरूनच अक्षर ओळखतो. उकडीच्या मोदकाच्या कळ्यांमधल्या घड्या आठवाव्यात, म्हणजे नाव किती शोभते ते कळेल.

मुंबईला असे अक्षर नवे नव्हते. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी प्रत्येक नावाला त्याच्या स्वभावाप्रमाणे वळण दिले. मात्र हाताने रेखाटलेले नाव त्या एका नाटकापुरते असते. टंकात प्रत्येक अक्षराला कोणत्याही शेजाऱ्याशी जमवून घ्यावे लागते. दुसरे टोक पाहायचे तर अक्षरकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा ‘मंगल’ हा टंक आहे: संगणकाच्या पडद्यावर निमूटपणे वाचला जाणारा, स्वतःकडे लक्ष न वेधणारा. मोदक लक्ष वेधण्यापलीकडे फारसे काही करत नाही, आणि तेच त्याचे काम.

बालपुस्तकांची मुखपृष्ठे, खाऊची पाकिटे, गणेशोत्सवाचे फलक, स्टिकर, टी-शर्ट ही त्याची घरची ठिकाणे. दोन-तीन शब्दांपर्यंत तो लोभस दिसतो. परिच्छेद लावला तर काळे ढेकूळच हाती येते. आकार लहान केला की फटी आधी जातात. कापडी पिशवीवर छापताना शाई पसरली तरी तेच होते, तेव्हा अक्षर मोठे ठेवावे आणि शब्द कमी. शोकसंदेशाला किंवा कोर्टाच्या नोटिशीला तो लावू नये, हे वेगळे सांगायला नको. तरी गल्लीतल्या फ्लेक्सवर काय दिसेल याचा नेम नाही.

याच गटाचा ‘बालू’ हा टंक त्याचा जवळचा नातेवाईक, पण अंगाने जरा आटोपशीर. त्याच्या लिपीनिहाय नावांत त्या त्या भाषेतला भाऊ आहे: गुजराती ‘बालू भाई’, गुरुमुखी ‘बालू पाजी’, बंगाली ‘बालू दा’, तमिळ ‘बालू थंबी’, मल्याळम ‘बालू चेट्टन’. देवनागरीच्या वाट्याला मात्र नुसता ‘बालू’ आला. ‘दादा’ कोणी जोडला नाही.